पाण्याचा परतीचा उतार

अमेरिकेच्या ईशान्य भागात, बॉस्टनपासून न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियापर्यंत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत जी घरे उभी राहिली, त्यांपैकी असंख्य घरांतून खिडकीखाली बिडाचे ओतीव रेडिएटर आजही आपल्या चार पायांवर ठाण मांडून बसलेले आढळतात. तळघरातील बॉयलर बदलला, कोळशाच्या जागी तेल आणि तेलाच्या जागी गॅस आला, मालकांच्या तीन-चार पिढ्या होऊन गेल्या, तरी या धुडांनी आपली जागा सोडलेली नाही. थंडीची पहिली लाट येऊन बॉयलर पेटला, की काही घरांतून पहाटेच्या शांततेत कोणी घणाने नळ ठोकीत असावे असे आवाज उठू लागतात, आणि घर नवे घेतलेला मालक दचकून जागा होतो. शेजारी सांगतात की जुन्या घरांचा हा दस्तूरच आहे. ठेकेदार सांगतो की सगळी व्यवस्था उपटून नवी बसवावी. या दोन्ही सल्ल्यांत तथ्य थोडे आहे. बहुतेक वेळा कसूर बॉयलरचा नसतो, वाफेचा नसतो आणि घराच्या वयाचा तर मुळीच नसतो. रेडिएटरचे एक टोक पाव इंच खचलेले असते, इतकाच काय तो मामला असतो.

हा पाव इंच एवढा अनर्थ का करतो, हे कळण्यासाठी वाफेचा स्वभाव आधी ध्यानात घेतला पाहिजे. एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळबिंदूपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास, तापमान एक अंशानेही न वाढता, सुमारे ५४० कॅलरी खर्ची पडतात. ही अप्रकट उष्णता वाफ आपल्याबरोबर घेऊन फिरते आणि जेथे थंड पृष्ठभाग भेटेल तेथे ती तत्क्षणी त्याच्या हवाली करून पुन्हा पाणी होते. मोदकपात्राचे झाकण निष्काळजीपणे उचलणाऱ्या हाताला जो चटका बसतो, तो उकळत्या पाण्याच्या शिंतोड्यापेक्षा जहाल का असतो, याचे उत्तर याच हिशेबात आहे. शिवाय पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,७०० पटींनी वाढते, आणि वाफेचे पाणी होताना ते तितक्याच पटींनी आक्रसते. म्हणजे तळघरात वाफ निर्माण होऊन फुगत असते आणि वरच्या खोल्यांतून ती नाहीशी होत असते. या दोहोंमधील यत्किंचित दाबाच्या फरकाने ती आपण होऊन वर धावते. तिला ढकलण्यास पंप लागत नाही, वीज लागत नाही. घरगुती व्यवस्थेत हा दाब चौरस इंचास एक-दोन पौंडांपलीकडे सहसा जात नाही आणि जाऊही नये. आगगाडीच्या उत्तरकालीन इंजिनांतून तो २०० पौंडांच्या आसपास असे, हे लक्षात घेतले म्हणजे घरातील वाफ किती सौम्य असते याची कल्पना येईल.

हा सौम्यपणा मात्र आपोआप आलेला नाही. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन येथे ग्रोव्हर यांच्या पादत्राणांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून इमारत कोसळली व पेटली, आणि ५८ माणसे प्राणास मुकली. त्या आघातानंतर १९०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने बॉयलरांसंबंधी कायदा केला, आणि पुढे अमेरिकेतील यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेने बॉयलरच्या घडणीची व सुरक्षिततेची संहिता सिद्ध केली. आपल्याकडे १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला, तोही याच भयाचा परिपाक होय.

रेडिएटरची कुळकथा त्याहून जुनी आहे. १८५० नंतरच्या दशकात सेंट पीटर्सबर्ग येथे फ्रान्झ सान गाली याने आपला तापक बनविला; अमेरिकेत बॉस्टनच्या जोसेफ नेसन याने रॉबर्ट ब्रिग्ज याच्या साह्याने, बिडाच्या बैठकीत घडीव लोखंडाच्या उभ्या नळ्या आट्यांनी बसवून केलेल्या रेडिएटरचे पेटंट १८६३ साली मिळविले. पुढे ओतकामाची कला सुधारली, तसे एकेक पोकळ खण स्वतंत्र ओतून ते हवे तितके एकास एक जोडण्याची युक्ती रूढ झाली. १८९२ साली तीन प्रमुख कारखाने एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी स्थापन झाली. तिची भरभराट किती झाली हे पाहावयाचे असेल तर न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कसमोर रेमंड हूड या वास्तुशिल्पकाराने १९२४ साली तिच्यासाठी उभारलेली, काळ्या विटांची आणि सोनेरी माथ्याची इमारत पाहावी. मराठी प्रवासी टाइम्स स्क्वेअरचे दिवे पाहण्यासाठी चार चौक पुढे जातात आणि ती त्यांच्या नजरेतून निसटते, याची मला नेहमी चुटपुट वाटते.

जुन्या मध्यमवर्गीय घरांतून बहुधा जी रचना सापडते ती एकनळी होय. रेडिएटरला एकाच टोकाशी, तळाला, एकच नळ व्हॉल्व्हने जोडलेला असतो. त्याच नळाने वाफ वर येते आणि तिचे झालेले पाणी त्याच नळाने, वाफेच्या खालून, विरुद्ध दिशेने उतरत बॉयलरकडे परतते. दुसऱ्या टोकाच्या खणावर एक लहानशी हवेची झडप असते. वाफ येण्यापूर्वी रेडिएटर हवेने भरलेला असतो. ती हवा या झडपेतून सुस्कारा टाकीत बाहेर पडते, आणि वाफ झडपेपाशी पोहोचली की आतील फुग्यातील मद्यार्कमिश्रित द्रव तापून प्रसरण पावतो व छिद्र बंद करतो. या साधेपणाचे कौतुक करताना आकड्यांकडेही पाहावे. ३८ इंच उंचीचा, तीन स्तंभांचा, दहा खणांचा नेहमीचा रेडिएटर घेतला, तर त्याचे उत्सर्जक क्षेत्र ५० चौरस फूट धरतात. दर चौरस फुटास ताशी २४० ब्रिटिश उष्णता-एकके या ठरीव मानाने तो ताशी १२,००० एकके खोलीला देतो. एवढी उष्णता सोडताना ताशी साडेपाच लिटरांहून थोडे अधिक पाणी त्यात निर्माण होते, आणि ते सारे पाणी, वर येणाऱ्या वाफेशी भांडण न करता, सव्वा इंची व्हॉल्व्हच्या तळातून ओघळून गेले पाहिजे. त्यास दुसरी प्रेरणा नाही, केवळ उतार.

उतार नाहीसा झाला, किंवा उलटा झाला, की पाणी रेडिएटरच्या दूरच्या टोकाशी अथवा आडव्या नळाच्या पोटात साचते. पुढच्या खेपेस वाफ आली, की ती या थंड पाण्यावरून वेगाने जाताना लाट उचलते, नळाचा मार्ग क्षणभर बुजतो, आणि पाण्याचा तो गोळा वाफेच्या रेट्याने पुढच्या वळणावर जाऊन आदळतो. कधी वाफेचा एखादा पुंजका साचलेल्या पाण्यात कोंडला जाऊन एकाएकी विरतो, आणि त्याने सोडलेली पोकळी भरण्यासाठी चोहोकडचे पाणी एकमेकांवर थडकते. पहाटेचा घणाचा आवाज तो हाच. येथे एक भेद सांगून ठेवतो, कारण त्यावाचून पुष्कळांचा पैसा वाया जातो: हलकी, ठरावीक अंतराने होणारी टकटक ही बहुधा तापून लांबलेला नळ तक्तपोशीच्या भोकाला घासल्याची असते, आणि ती भोक थोडे मोठे केल्याने जाते, पाण्याचा आघात मात्र घुमणारा असतो, आणि त्याचा उपाय पाणसळीने शोधावा लागतो.

रेडिएटर खचतो कसा, याची कारणे घराच्या इतिहासातच असतात. वर वर्णिलेल्या रेडिएटरचे वजन दीडशे किलोंच्या आसपास भरते, आणि ते चार लहान पायांवर, लाकडी फळ्यांवर, शंभर वर्षे उभे असते. पायांखाली खळगे पडतात, तुळया मधोमध वाकतात, भिंती आपल्या गतीने बसतात. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे यापेक्षा अधिक नुकसान दुरुस्तीच्या निमित्ताने होते. तक्तपोशी घासून चकचकीत करावयाची म्हणून, किंवा मागची भिंत रंगवावयाची म्हणून, रेडिएटर सोडवून बाजूला नेतात. काम आटोपल्यावर रंगारी व सुतार तो परत ढकलून नट आवळतात आणि बिदागी घेऊन निघून जातात. खाली आधी घातलेल्या पाचरी कचऱ्यात गेलेल्या असतात, जमीन घासल्याने थोडी खाली गेलेली असते किंवा नवी लाकडी पट्टी बसविल्याने वर आलेली असते, आणि उभा नळ मात्र जेथल्या तेथे. पूर्वीच्या कारागिराने बसविताना विचारपूर्वक दिलेला उतार असा अजाणता मोडतो.

तेव्हा सोडविण्यापूर्वीच पाहणी करावी. रेडिएटर सोडवावयाचा तो बॉयलर बंद करून आणि सर्व काही निवल्यानंतर. त्यावर रंगाचे थर असतील तर ते कोरडे खरवडू नयेत. अमेरिकेत घरगुती रंगातील शिशाला १९७८ साली मनाई झाली, आणि त्यापूर्वीच्या रंगाची धूळ, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, विषासमान आहे. तळघरातील नळांवर पांढुरके, पुठ्ठ्यासारखे वेष्टण दिसले तर ते अॅस्बेस्टॉसचे असण्याचा संभव धरून त्यास हात न लावता जाणत्याकडून तपासून घ्यावे.

व्हॉल्व्ह आणि रेडिएटर यांना जोडणारा मोठा नट सोडविणे, हा या कामातील पहिला कसोटीचा प्रसंग. एका पान्याने व्हॉल्व्हचे अंग घट्ट धरून ठेवावे आणि दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर केला तर तो जोर खालच्या उभ्या नळावर जातो, आणि जमिनीखाली फुटलेला आटा म्हणजे फळ्या उखडण्याची पाळी. नट हलेनासा झाला तर भेदक तेल घालून रात्रभर तसाच ठेवावा. घाईची गरज नाही. नट सुटताच खाली पसरट भांडे धरावे, कारण तळाशी साचलेले काळे, गंजट पाणी बाहेर येते आणि त्याचा डाग लाकडावरून निघत नाही. मग दूरचे टोक उचलून उरलेले पाणी ओतून घ्यावे. रेडिएटर उभाच न्यावा, आडवा पाडू नये. त्याचे खण बहुधा आतील निमुळत्या कड्यांनी दाबून बसविलेले असतात, आणि पिळवटला गेल्यास जो सांधा शतकभर गळला नाही तो गळू लागतो. वजन पाहता हे दोघांचेही नव्हे, तिघा-चौघांचे काम आहे, आणि जिना असेल तर पैसे देऊन धंदेवाईक हमाल बोलवावेत हे उत्तम.

परत बसविताना व्हॉल्व्ह जुनाच ठेवावयाचा की नवा घ्यावयाचा, हा प्रश्न येतो. नवा घेतल्यास त्याबरोबर येणारा पितळी तुकडा, ज्यास तिकडचे कारागीर स्पड म्हणतात, तोच रेडिएटरमध्ये बसवावा. जुना स्पड आणि नवा व्हॉल्व्ह यांची तोंडे एकमेकांसाठी घासलेली नसतात, आणि त्यांचा संसार गळतीवाचून होत नाही. जुना स्पड काढण्यासाठी त्याच्या आतील दोन उंचवट्यांत अडकणारा पायऱ्यापायऱ्यांचा खास पाना मिळतो. उंचवटे झिजले असतील तर करवतीच्या पात्याने आतून, बिडाच्या आट्यांना धक्का न लावता, पितळेत खाच पाडून छिन्नीने तो आत दुमडून काढावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, आणि कंटाळा आलेल्या माणसाने ते अर्ध्यावर सोडून चहा घ्यावा, पण जोर वाढवू नये. नवा स्पड बसविताना त्याच्या आट्यांवर सांधे बुजविण्याचा लेप किंवा टेप लावावी. परंतु नटाच्या आतील घासलेल्या तोंडावर काहीही लावू नये, फार तर नटाच्या आट्यांना तेलाचा एक थेंब. तेथे धातूस धातू भिडूनच सांधा बंद होतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नट हे रेडिएटर ओढून जागेवर आणण्याचे साधन नव्हे. रेडिएटर अशा उंचीवर आणि अशा दिशेने उभा करावा की स्पडचे तोंड व्हॉल्व्हच्या तोंडासमोर सरळ यावे आणि नटाचे पहिले तीन-चार आटे नुसत्या बोटांनी, अडखळल्यावाचून, फिरावेत. बोटांनी नट फिरत नसेल तर पाना हाती घेऊ नये. रेडिएटरच्या पायांकडे परत जावे. जमीन वर आल्यामुळे व्हॉल्व्ह खाली राहिला असेल तर उभ्या नळाला लांब तुकडा जोडावा लागतो. जमीन खाली गेली असेल तर चारही पायांखाली सारख्या जाडीचे ठोकळे देऊन संपूर्ण रेडिएटर उचलावा.

नंतर पाणसळ. रेडिएटरच्या माथ्यावर वेलबुट्टी असते आणि खणांचे माथे एकसारखे ओतलेले नसतात, म्हणून एक सरळ रंधलेली पट्टी माथ्यावर ठेवून तिच्यावर पाणसळ ठेवावी. एकनळी रेडिएटरचा कल व्हॉल्व्हकडे हवा, म्हणजे हवेची झडप असलेले टोक किंचित उंच. बुडबुडा मधल्या रेघेला टेकून अर्धा झडपेच्या बाजूला सरकला की पुरे. त्याहून अधिक उताराने लाभ काही नाही, उलट स्पडचा कोन बिघडून नटावर ताण येतो. उचलण्यासाठी लाकडाचा जाड वासा घेऊन, ठोकळ्याचा टेकू देऊन, शेवटच्या खणाखाली तरफ लावावी. एकाने तरफ दाबावी आणि दुसऱ्याने पायांखाली चकत्या सरकवाव्यात, बोटे मात्र पायाखाली कधीही जाऊ न देता. चकत्या दोन्ही पायांखाली, पुढच्या व मागच्या, सारख्याच द्याव्यात. एकीकडे कमी पडली तर रेडिएटर डुलतो आणि प्रत्येक तापण्या-निवण्याबरोबर नट सैल होतो. त्या धातूच्या असाव्यात. मऊ लाकूड किंवा रबर उष्णतेने व वजनाने दबते आणि दोन हिवाळ्यांनी पुन्हा पहिलेच पाढे. काटकसरी अमेरिकन गृहस्थ एक सेंटची नाणी वापरतात. एका नाण्याची जाडी सुमारे दीड मिलिमीटर. तेव्हा दोन नाणी म्हणजे तीन मिलिमीटर हा हिशेब तोंडी करता येतो, आणि त्या किमतीत दुसरी कोणतीही चकती मिळत नाही.

एवढे करूनही आवाज राहिला, तर दोष रेडिएटरच्या खाली, जमिनीआडच्या आडव्या नळात असतो. ज्या नळातून वाफ आणि पाणी परस्परविरुद्ध जातात त्यास दर दहा फुटांस निदान एक इंच उतार असावा, असा जुना दंडक आहे. आडवा नळ मधे लोंबला असेल तर तळघरात त्याचा टांगता पट्टा वर घ्यावा; आणि तेथे हात पोहोचत नसेल तर रेडिएटर चारही पायांवर थोडा उंच केल्याने उभा नळ वर येतो व त्याबरोबर आडव्या नळाचे टोकही, मात्र हे हळूहळू आणि नळाची लवचिकता पाहून.

ज्यांच्या घरी दोननळी रचना आहे त्यांनी वरील दिशा उलटी समजावी: तेथे वाफ एका टोकाने येते आणि पाणी दुसऱ्या टोकाच्या, वाफ अडवून पाणी तेवढे सोडणाऱ्या सापळ्यातून जाते, म्हणून कल सापळ्याकडे. गरम पाण्यावर चालणाऱ्या रेडिएटरांना हा नियम लागूच नाही. भंगारवाल्याकडून जुना रेडिएटर घेणाऱ्याने आणखी एक पाहावे: ज्याचे खण केवळ तळाशी एकमेकांना जोडलेले आहेत आणि माथ्याशी सुटे आहेत तो फक्त वाफेचा; गरम पाण्यास तो चालणार नाही. ज्याचे खण दोन्हीकडे जोडलेले आहेत तो दोहोंना चालतो.

व्हॉल्व्हविषयी एक गैरसमज इतका रूढ आहे की त्याने नीट बसविलेला रेडिएटरही बदनाम होतो. खोली फार तापते म्हणून लोक एकनळी रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करतात. अर्ध्या उघड्या वाटेने वाफ आत शिरते, पण पाण्यास तिच्या खालून उतरण्यास जागा उरत नाही. रेडिएटर पाण्याने भरतो, हवेची झडप थुंकू लागते आणि घण सुरू होतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असावा किंवा पूर्ण बंद. मधली अवस्था नाही. उष्णता कमी करावयाची असेल तर ती हवेच्या झडपेवरून करावी. हवा बाहेर पडण्याचा वेग कमी केला की वाफ तितकीच कमी शिरते.

खोल्या इतक्या तापतात याचेही कारण इतिहासात आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर शुद्ध हवेचा आग्रह इतका वाढला, की खिडक्या उघड्या ठेवूनही घर उबदार राहील अशा हिशेबाने अभियंते बॉयलर व रेडिएटर योजू लागले. खिडक्या पुढे बंद झाल्या, फटी बुजल्या, पण बिडाचे आकारमान तेच राहिले. त्या काळी रेडिएटरवर सर्रास दिला जाणारा रुपेरी किंवा सोनेरी धातुयुक्त रंग उष्णतेचे उत्सर्जन बऱ्याच अंशी घटवितो, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे; तेव्हा फार तापणाऱ्या खोलीत तो रंग ठेवावा, आणि थंड राहणाऱ्या खोलीत साधा तेलरंग द्यावा, मग त्याची छटा कोणतीही असो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गरम पाण्याच्या व गरम हवेच्या व्यवस्था घरोघर आल्या आणि वाफेचे जाणते कारागीर निवृत्त होत गेले. १९९२ साली डॅन होलोहन यांनी ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ हे पुस्तक काढून ते विस्मृत शास्त्र पुन्हा लोकांपुढे मांडले. न्यू जर्सीत किंवा बॉस्टनच्या उपनगरांत ज्या मराठी कुटुंबांनी असे जुने घर घेतले असेल त्यांनी ठेकेदाराच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, आणि पाणसळ विकत घ्यावी.

हे काम उन्हाळ्यात उरकावे. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे ही उष्णतेची कायदेशीर मुदत आहे, आणि त्या मुदतीत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटखाली गेले की दिवसा भाडेकऱ्याची खोली निदान ६८ अंश ठेवणे घरमालकावर बंधनकारक असते. बॉयलर पहिल्यांदा पेटवून रेडिएटर पूर्ण तापू द्यावा, मग निवू द्यावा, आणि निवल्यावर नट पुन्हा एकदा हलका आवळून सांध्याखाली कोरडा कागद ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो कोरडाच असेल तर काम झाले.